पाय धुतल्यावरची पंगत

लटारूच्या कमळीचं लग्न झालं ते साल पंचावन्न. संक्रांत होऊन गेली होती, धान मळून कोठीत पडलं होतं आणि वैनगंगा इतकी उतरली होती की वऱ्हाडाच्या गाड्या नावेवाचून पार झाल्या. बैलांच्या घुंगरांचा आवाज आधी आला, मग धूळ आली आणि मग माणसं.

पिपरहेटीत तेव्हा ख्रिस्ती घरं थोडीच होती. आज्यांच्या काळात दुष्काळ पडला तेव्हा मिशनच्या पेजेवर जगलेली ही माणसं. पेज संपली, देव राहिला, असं म्हातारे हसत सांगत. गिरजाही घरासारखाच होता. मातीच्या भिंती, वर कवेलूचं छप्पर आणि घंटा म्हणून आंब्याला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. तो वाजला की मोहाची फुलं वेचणारा माणूससुद्धा टोपली ठेवून उभा राहायचा.

लग्नाच्या दिवशी मांडवाच्या तोंडाशी लटारूची बायको आशाबाई तांब्या घेऊन उभी होती. येणाऱ्याच्या पायावर पाणी घालायचं आणि आत घ्यायचं, ही झाडीची, म्हणजे वैनगंगेकाठच्या या जंगलपट्टीची रीत. पाय धुतले की माणूस घरचा पाहुणा झाला, मग त्याला जेवल्याशिवाय जाता येत नाही. सुकरीही आली होती. नवं लुगडं नेसून, केसांना तेल लावून ती कुंपणापर्यंत आली आणि तिथंच थांबली. तिला कोणी अडवलं नाही. अडवायची गरजच नव्हती.

सुकरी लटारूची थोरली भावजय. कमळीच्या जन्मानंतर आशाबाई वर्षभर अंथरुणाला खिळली होती, तेव्हा ते पोर सुकरीच्या मांडीवर वाढलं. सुकरीला स्वतःचं मूल नव्हतं. कमळी चालायला लागली ती सुकरीच्या पदराला धरून. पुढे पोर नऊ-दहा वर्षांचं असताना सुकरीचा नवरा दसरू बांबूतोडीच्या कामावर मोहर्लीकडे गेला आणि तिकडे त्याला वाघानं नेलं. सोबतच्या माणसांनी त्याची कुऱ्हाड आणि मुंडासं आणून दिलं. बाकी काही आणण्यासारखं नव्हतं.

तेव्हापासून सुकरीच्या पायाला कोणी पाणी देत नव्हतं. झाडीत जुने लोक मानत की वाघानं नेलेल्या माणसाच्या बायकोमागं तो वाघ फिरतो. तिचे पाय ज्या दारात ओले होतील, त्या दाराची वाट त्याला सापडते. गिरज्यात जाणारी माणसं हे तोंडानं बोलत नसत, पण पाळत मात्र सगळेच. तिच्याशी बोलत, तिला धान देत, ती आजारी पडली तर काढा पाठवत. सगळं कुंपणावरून. आणि सगळ्यांत कडक पाळत होती ती सुकरीच. कमळीच्या दारात वाघ यावा असं तिला कसं वाटेल? म्हणून ती लग्नात कुंपणाशी उभी राहिली. नवरीनं मांडवातून मान वळवून दोनदा बघितलं. आशाबाईनं पळसाच्या पानावर भात-वरण कुंपणावरून दिलं आणि म्हणाली, "पोटभर खा, बाई." सुकरीनं ते झाडाखाली बसून खाल्लं.

गिरज्याचं पाणी सुकरीच भरी. विहिरीवरून घडा आणून ती फाटकाबाहेर ठेवी. आतून कोणीतरी तो उचलून दाराजवळच्या रांजणात ओती. त्या पाण्यानं पाय धुऊन मंडळी आत जात. सुकरी मात्र फाटकाबाहेर, रस्त्याकडच्या खिडकीखाली भिंतीला पाठ लावून बसे आणि आतलं गाणं बाहेर गाई. तिला सगळी गाणी पाठ होती. जुने गोरे पाद्री वर्षातून एकदोनदा येत. त्यांना वाटे, बाईला हवेशीर बसायला आवडतं.

नवे पाद्री नगरकडचे होते. रणपिसे त्यांचं आडनाव. बोलणं मऊ, चालणं घाईचं. त्यांनाही इतक्या दिवसांत सुकरी दिसली नव्हती. पाठमोरी बसणारी बाई कोणाला दिसते? त्यांची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि ते हातानं रांधून खात. कधी करपलेलं, कधी कच्चं. मंडळीचा पंच पत्रूभाऊ. त्याची बायको रुखमाबाई म्हणायची, "बाबाच्या घरून धूर निघाला का समजाचं, आज ते उपाशी हायेत."

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात पाद्रीबाबांनी पत्रूभाऊला बोलावलं.

"पत्रूभाऊ, गुरुवारी मी माणसांचे पाय धुणार आहे. प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे. बारा माणसं पाहिजेत."

"पंधरा देतो, बाबा."

"बाराच."

पत्रूभाऊनं बारा कर्ते पुरुष निवडले. पहिला तो स्वतः. त्यात लटारू होता आणि मोहाच्या दिवसांत कधीच वेळेवर न येणारा इसरूही होता. गावात त्या चार दिवसांत टाचा घासायची चढाओढ लागली. पाद्रीबाबाच्या हातात भेगाळलेली टाच कशी द्यायची? रुखमाबाईनं नवऱ्याचे पाय विटेच्या तुकड्यानं इतके घासले की तो लंगडत फिरू लागला.

गुरुवारी दिवस कलंडताना रूळ वाजला. जंगलातून मोहाचा गोड, जड वास गिरज्यात येत होता. पुढच्या बाकांवर माणसं पाय पुढं करून बसली. अकरा.

"इसरू कुठं आहे?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"मोह वेचाले गेला, बाबा. येतो म्हणला होता."

"वेचाले गेला का पियाले?" मागून कोणीतरी म्हणालं, आणि बायका पदर तोंडाशी धरून हसल्या.

पाद्रीबाबांची नजर खिडकीकडे गेली. खिडकीच्या कडेशी पांढऱ्या केसांचा अंबाडा दिसत होता.

"बाहेर कोण बसलंय?"

"ते सुकरी होय, बाबा. पाणी भरते."

"तिला आत बोलवा. बारावी ती."

लटारूनं मान खाली घातली. शेवटी रुखमाबाई म्हणाली, "ते नाई येत आत."

"का?"

"नाई येत, बाबा. आपणहूनच नाई येत."

सुकरीनं हे सगळं ऐकलं. तिला वाटलं, उठून विहिरीकडे निघून जावं. पण तोवर आत पाण्याचा आवाज सुरू झाला होता. पाद्रीबाबा एकेकाचे पाय धूत होते. पत्रूभाऊचे, लटारूचे, सगळ्यांचे. अकरावा झाल्यावर पावलं दाराकडे आली. पाद्रीबाबा परात आणि तांब्या घेऊन बाहेर आले आणि तिच्यापुढं धुळीत बसले. कमरेला पंचा बांधला होता. तो आधीच ओला झाला होता.

सुकरीनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"बाबा, माहे पाय नोको."

"का गं, बाई?"

तिनं सांगितलं. दसरूचं सांगितलं, वाघाचं सांगितलं, ओल्या पावलांचं सांगितलं. इतकं सलग ती कितीतरी वर्षांत बोलली नव्हती. "तुमची लेकरंबाळं येतीन उद्या," ती शेवटी म्हणाली. "तुमच्या दारात वाघ येईन, बाबा. माह्यापायी कोणाचं वाईट नोको."

पाद्रीबाबांनी तिची समजूत घातली नाही. हे सगळं खोटं आहे, असंही ते म्हणाले नाहीत. त्यांनी परात तिच्या पायांजवळ सरकवली.

"दार माझं नाही," ते म्हणाले. "दार त्याचं आहे. आणि वाघही त्याचाच आहे. तू पाय पुढं कर."

तिनं एक पाय पुढं केला. मग दुसरा. पाणी तिनंच सकाळी भरलेलं होतं, रांजणात राहून थंड झालं होतं. पाद्रीबाबांनी टाच धुतली, तळवा धुतला आणि आई लेकराची पुसते तशी बोटं एकेक वेगळी करून पंच्यानं पुसली. आतून सगळी मंडळी दारात आणि खिडकीत गोळा झाली होती. कोणी गाणं सुरू केलं नाही. सुकरीला आपले पाय ओळखू येईनात. किती दिवसांनी तिनं ते नीट पाहिले होते.

मग शेवटची प्रार्थना झाली. पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला, "शांतीने जा" म्हणाले, आणि कोणी उठलं नाही.

पाद्रीबाबांना वाटलं, माणसं मनातल्या मनात प्रार्थना करताहेत. तेही गुडघ्यांवर आले. थोड्या वेळानं उठले. माणसं बसलेलीच. बायका भिंतीशी बसलेल्या. कोणाचं तरी लेकरू रडू लागलं, त्याला आईनं मांडीवर थोपटलं, पण बाहेर नेलं नाही.

"पत्रूभाऊ, उपासना संपली."

"हो, बाबा."

"मग?"

"मंग बसलो आहो."

"कशासाठी?"

पत्रूभाऊनं आधी लटारूकडे पाहिलं, मग कवेलूकडे. पाद्र्याला रीत सांगायची म्हणजे अवघड काम. "बाबा, तुमी पाय धुतले ना?"

"धुतले."

"मंग पान वाढाचं का नाई?"

पाद्रीबाबांना काही उमगेना. शेवटी रुखमाबाईच भिंतीजवळून बोलली. "आमच्याकडं पाय धुवून कोणाले उपाशी लावून देत नाई, बाबा. तसं दुश्मन करते. पाय धुतले का जेवण आलंच. तुमच्या नगरले नसन तसं, पण इथी तर तसंच हाये."

खिडकीखाली सुकरी कान देऊन ऐकत होती. तिलाही ठाऊक होतं. पान वाढलं नाही तर पाय धुणं झालंच नाही, नुसतं पाणी वाया गेलं. इतक्या वर्षांनी कोणीतरी तिला दारात घेतलं होतं आणि आता ते दार पुरतं उघडतं की बंद होतं, हे एका पानावर अडलं होतं.

पाद्रीबाबांनी वेदीवरच्या उघड्या पुस्तकाकडे पाहिलं आणि एकदम हसू लागले. "प्रभूनं पाय धुतले त्या संध्याकाळीही जेवण होतंच की," ते म्हणाले. "मी अर्धंच केलं. घरात तांदूळ आहेत, तुरीची डाळ आहे. रांधणारी तेवढी नाही."

"चूल हाये ना?" रुखमाबाई उठत म्हणाली. "तुमी फक्त चुलीपासून लांब राहा."

बाकीच्या बायका तिच्यामागं गेल्या. कोणी पत्रावळी आणल्या, कोणी मिरच्या. अंधार पडेपर्यंत गिरज्यापुढचं अंगण झाडून, पाणी शिंपडून तयार झालं. पंगत मांडली आणि पत्रूभाऊ पत्रावळी टाकत गेला. अकरा टाकल्या आणि थांबला.

पाद्रीबाबांनी त्याच्या हातातून एक पत्रावळ घेतली आणि लटारूच्या शेजारी टाकली. मग ते फाटकाशी जाऊन उभे राहिले.

आता झाडीतली दुसरी रीत सांगायला हवी. एका दारात ज्यांचे पाय धुतले, त्यांची पंगत एक. शेवटचा माणूस पानावर बसल्याशिवाय पहिला घास कोणी उचलत नाही, आणि शेवटच्याचं जेवण झाल्याशिवाय पहिला उठत नाही. असं केलं तर यजमानाचा अपमान. पाद्रीबाबांना हे ठाऊक नव्हतं. बाकी सगळ्यांना ठाऊक होतं.

सुकरी फाटकाबाहेर उभी होती. अकरा माणसं भाताच्या वाफेपुढं हात मांडीवर ठेवून बसली होती. पत्रूभाऊ समोर बघत होता. कोणी तिला ये म्हणत नव्हतं, कोणी नको म्हणत नव्हतं. भात निवत चालला होता.

"वयनी," लटारू मान न वळवता म्हणाला, "उपाशी ठेवतं का आमाले?"

दसरू गेल्यापासून लटारू तिच्याशी असा बोलला नव्हता. इतक्या वर्षांत कुंपणावरून "धान घे" आणि "बरी हाये का" एवढंच. सुकरीनं फाटक ओलांडलं. पाय कोरडे होते, धुळीत काही उमटलं नाही. ती लटारूशेजारी, पंगतीच्या टोकाला बसली. पाद्रीबाबांनी ओला पंचा तसाच कमरेला ठेवून सगळ्यांना वरण वाढलं आणि तिच्या पानावर सगळ्यांत शेवटी भात-वरण, जरा जास्त वाढलं.

तिला घास गिळवेना. भात तोंडात फिरत राही. एकेकाचं आटोपलं. माणसं हात वाळवत बसली.

"सावकाश खा, बाई," पत्रूभाऊ म्हणाला. "आमी इथंच आहो. माह्या टाचा तशाही चालाच्या कामाच्या राह्यल्या नाई."

आधी रुखमाबाई हसली, मग सगळे हसले, आणि सुकरी तोंडात घास असतानाच हसली. मग तिला जेवता आलं.

तेवढ्यात इसरू मोहाची टोपली डोक्यावर घेऊन फाटकात आला. "माह्या जागेवर कोण बसलं, बा?"

"तुह्या जागेवर सुकरी," कोणीतरी म्हणालं. "तू मोह खा."

हात धुताना लटारू तिच्याजवळ आला. "कमळी येऊन राह्यली ईस्टरले," तो म्हणाला. "घरी ये. कुंपणाशी नाई. घरी."

शुक्रवार उपवासात गेला. शनिवारी सकाळी पत्रूभाऊच्या गोठ्यामागून वाघानं गोऱ्हं नेलं.

सुकरी विहिरीवर निघाली होती. तिच्या कानावर बातमी पडली तशी ती माघारी फिरली आणि झोपडीचं ताटीचं दार आतून ओढून बसली. घडा रिकामाच राहिला. तिला वाटलं, मी त्यांच्या भल्याचं ऐकलं नाही, स्वतःच्या आनंदाचं ऐकलं. आज गोऱ्हं गेलं, उद्या काय जाईल? तिनं मनाशी ठरवलं, कमळीला कुंपणावरूनही बघायचं नाही.

आंब्याखाली माणसं जमली होती. त्यांचं बोलणं तिला झोपडीत ऐकू येत होतं. कोणी कुजबुजत होतं, कोणी तिचं नाव घेत होतं. मग पत्रूभाऊचा आवाज आला. गोऱ्हं त्याचं गेलं होतं, म्हणून बाकीचे गप्प झाले.

"मले एक सांगा," पत्रूभाऊ म्हणाला. "बाईचे पाय धुतले पाद्रीबाबाच्या दारात. ते पुसलेबी त्यानं, कोरडे ठाक करून. आन वाघ आला माह्या गोठ्यात. मोहर्लीपासून चालत आला आन ऐनवेळी घर चुकला का?" त्यानं गोठ्याकडे हात केला. "दर साली मोहाच्या दिवसांत वाघ जनावर नेते. गेल्या साली लटारूचा बैल नेला, तवा कोणाचे पाय धुतले होते? कुड नीट बांधली नाई मी. माह्यी चूक. चला, बांबू घ्या."

बांबू फोडायचा आवाज दुपारपर्यंत येत राहिला.

ईस्टरच्या सकाळी उपासना झाली. सुकरी त्या दिवशीही खिडकीखालीच बसली, आत गेली नाही. पण नंतर, पत्रूभाऊचं बोलणं मनात धरून, ती लटारूच्या घरी निघाली. कुंपणापर्यंत आली आणि जुन्या सवयीनं पाय थांबले. अंगणात कमळी होती. हातात हिरवा चुडा, अंगावर सासरचं लुगडं. तिनं सुकरीला पाहिलं आणि तांब्या उचलून धावत निघाली.

"सरक," आशाबाई ओसरीवरून उतरत म्हणाली आणि तिनं लेकीच्या हातून तांब्या घेतला. "मी घालतो."

ती लग्नात मांडवाशी उभी होती तशीच अंगणाच्या तोंडाशी उभी राहिली. तिनं तांब्या दोन्ही हातांनी धरला. सुकरी कुंपणाच्या आत आली. आशाबाईनं पाणी घातलं, आधी एका पायावर, मग दुसऱ्यावर.

"टाच घासा ना जरा, बाई," ती म्हणाली. "मोहाखालची माती दिसते. ओसरी सकाळीच सारवली हाये मी."

सुकरीनं टाच घासली. मग कमळीनं तिचा हात धरला, लहानपणी सुकरी धरायची तसा, आणि दोघी ओसरीकडे चालल्या. अंगणातून ओल्या पावलांची ओळ उमटत गेली, सारवलेल्या ओसरीवर चढली आणि घरात गेली. सुकरीनं उंबऱ्यावरून एकदाच मागं वळून पाहिलं. चैताच्या उन्हात मागची पावलं सुकायला लागली होती.

"काय पाहून राह्यली, वयनी?" लटारूनं विचारलं.

"काई नाई," ती म्हणाली. "ऊन कडक हाये."

त्या दिवशी तिनं लटारूच्या घरात पोटभर जेवण केलं. आणि पुढच्या रविवारी ती खिडकीखाली बसली नाही.

आता पिपरहेटीचा गिरजा सिमेंटचा आहे. आंबा पडला, रूळ कोणी नेला कोणास ठाऊक. गाड्या जाऊन मोटारी आल्या, मोह वेचणारे कमी झाले. पण ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी पाय धुतल्यावर आजही कोणी उठत नाही. भात आणि तुरीचं वरण वाढलं जातं, आणि शेवटच्याचं होईपर्यंत सगळे बसून राहतात. नवा पाद्री आला की त्याला आधीच सांगून ठेवतात, तांदूळ आणून ठेवा.

पाद्री रणपिसे पुढे बदलून नगरकडे गेले आणि एकोणसत्तर साली तिकडेच वारले. पत्रूभाऊ एकसष्ट साली गेला. सुकरी चौसष्ट साली, धान कापणीच्या दिवसांत, लटारूच्या ओसरीवर वारली. कमळी जवळ होती.